मुलांना नकाशा वाचायला कसे शिकवावे: ठाण्यातल्या पालकांसाठी

ठाण्यात कुणालाही विचारा, कासारवडवली कुठे आली? उत्तर ठरलेले: ठाणे पश्चिम. आता नकाशा उघडा, स्टेशनवर बोट ठेवा आणि कासारवडवली शोधा. ती जवळजवळ सरळ उत्तरेला निघते. मुलुंडहून येणारे रूळ ठाण्याकडे ईशान्येच्या अंगाने येतात, त्यामुळे रुळांच्या एका बाजूला खरे तर आग्नेय आहे आणि दुसऱ्या बाजूला वायव्य. बोलण्याच्या सोयीसाठी आपण त्यांना पूर्व आणि पश्चिम म्हणतो आणि घोडबंदर रोडवरच्या सगळ्या वस्त्या त्या 'पश्चिमे'त जमा होतात. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीने हे स्वतः होकायंत्र धरून शोधून काढले, तेव्हा ती चौथीत होती. "काकू, मग पत्त्यावर चुकीचं लिहिलंय का?" तिने विचारले. पत्ता चुकीचा नाही, पण पत्त्यातली दिशा आणि जमिनीवरची दिशा वेगळी असू शकते, हे तिला त्या दिवशी जे कळले ते माझ्या सांगण्याने कळले नसते.

गेली काही वर्षे रविवारी सकाळी मी सोसायटीतल्या मुलांना घेऊन हे करते आहे. पहिल्या वर्षी मी चुकले. महाराष्ट्राचा मोठा नकाशा भिंतीवर लावला आणि जिल्ह्यांपासून सुरुवात केली. मुलांनी जिल्हे पाठ केले. मग मी म्हटले, "उत्तर दाखवा," तर निम्म्या मुलांनी छताकडे बोट केले. त्यात त्यांची चूक नव्हती. भिंतीवरच्या नकाशात उत्तर वरच असते. तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. मूल ज्या जागेवर स्वतःच्या पायांनी फिरले आहे, तिचाच नकाशा आधी घ्यायचा. आणि नकाशा जमिनीवर आडवा ठेवूनच वाचायचा.

सामान फार लागत नाही: एक सेंटीमीटरच्या चौकोनांचा आलेख कागद, पेन्सिल, खोडरबर, शिंप्याकडे असते तशी मापाची टेप, जाड दोरा, खडू, चिमटा असलेले पॅड आणि साधे होकायंत्र.

पायरी १: वरून पाहणे

नकाशा म्हणजे वरून पाहिलेली जागा. ही एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचे सोपे जाते, आणि मुलांना नेमकी हीच अवघड वाटते, कारण ती सगळे जग समोरून पाहतात. घर काढ म्हटले की ती दार, खिडक्या आणि कौलारू छप्पर काढतात.

जेवणाच्या टेबलावर ताट, वाटी, पाण्याचा तांब्या आणि पोळ्यांचा डबा ठेवा. आधी मुलाला खाली बसवून समोरून दिसते ते काढायला सांगा. मग स्टुलावर उभे करा, तुम्ही धरून राहा, आणि बरोबर वरून दिसते ते काढायला सांगा. तांब्याचे वर्तुळ होते, ताटाचे मोठे वर्तुळ होते, डब्याचेही वर्तुळच. मग विचारा: तांब्या उंच आहे हे या चित्रातून कळते का? कळत नाही. हा प्रश्न तिथेच सोडा, शेवटी डोंगर वाचताना तो परत येणार आहे.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर गॅलरीतून खालचे पार्किंग दाखवा. गाड्यांचे टप, झाडांचे गोल शेंडे, वॉचमनच्या केबिनचा पत्रा. पाच वर्षांच्या मुलालाही हे जमते.

पायरी २: खोलीचा नकाशा

आपल्याकडे खोल्या फुटांत मोजतात, त्याचा फायदा घ्या. दहा बाय बाराची खोली असेल तर एका चौकोनाला एक फूट धरून ती कागदावर दहा बाय बारा चौकोनांत बसते. मुलाला टेपने मोजू द्या. भिंती, दार, खिडकी, पलंग, कपाट, याच क्रमाने काढा. पहिल्या वेळी पलंग कपाटात घुसतो. खोडायला लावा आणि पुन्हा मोजायला लावा. आपण हात लावू नये.

नकाशा झाला की एखादी वस्तू लपवा, कागदावर फुली मारा आणि शोधायला सांगा. मग मुलाला लपवू द्या आणि तुम्ही शोधा. मुलाने फुली चुकीच्या जागी मारली असेल तर तुम्ही खरोखरच चुकीच्या जागी जाऊन शोधा. आपल्या खुणेवर दुसरे माणूस विसंबून असते, हे मुलाला तुमची शोधाशोध पाहूनच उमगते.

पायरी ३: दिशा

इथे घाई करू नका. दोन-तीन रविवार गेले तरी चालतील.

'सूर्य उगवतो ती पूर्व' असे आपण सांगतो, पण ते अगदी बरोबर असते फक्त २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. जूनमध्ये ठाण्यात सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो, डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेकडे. मुलांना हे पाहता येते. गॅलरीतून सूर्य कुठल्या इमारतीमागून वर येतो, याची महिन्यातून एकदा कागदावर खूण करायला लावा. सहा महिन्यांत खुणा चांगल्याच सरकलेल्या दिसतात.

खरी दिशा काढायला काठीची सावली घ्या. गच्चीवर किंवा मैदानात हातभर लांबीची सरळ काठी उभी करा, कुंडीतल्या मातीत रोवली तरी चालते. कुंडी सपाट जागी ठेवा आणि मग हलवू नका. सावलीच्या टोकावर खडा ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांनी टोक सरकलेले असेल, तिथे दुसरा खडा ठेवा. पहिल्या खड्यापासून दुसऱ्याकडे जाणारी रेघ पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. मुलाने डावा पाय पहिल्या खड्यावर आणि उजवा दुसऱ्यावर ठेवून उभे राहावे, तोंड उत्तरेला होते. मधली वीस मिनिटे मुले इकडे तिकडे पळतात, पळू द्या. परत आल्यावर 'सावली पळाली' म्हणून जो आरडाओरडा होतो, त्यासाठीच हा प्रयोग मी होकायंत्राच्या आधी करते.

हे दुपारच्या अलीकडे-पलीकडे केले तर उत्तर जास्त नेमके येते. मात्र ठाण्याची दुपार घड्याळाच्या बाराला होत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि आपण साधारण ७३ अंशांवर आहोत. त्या साडेनऊ अंशांमुळे सूर्य आपल्या माथ्याजवळ येतो साडेबारा-पावणेएकच्या सुमारास. आणखी एक: ठाण्याचा अक्षांश सुमारे १९.२ अंश उत्तर, म्हणजे कर्कवृत्ताच्या आत. म्हणून मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस एकेक दिवस असा येतो की दुपारी काठीची सावलीच पडत नाही. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. मेच्या सुट्टीत आकाश निरभ्र असते तेव्हा हा दिवस मुलांना जरूर दाखवा. जुलैचा बहुतेक ढगांत जातो.

त्यानंतर होकायंत्र हातात द्या. आपल्या भागात सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांत मुलांच्या कामापुरता फरक नाही. पण सुई लोखंडाला भुलते. गाडी, लिफ्ट, खिडकीचे गज, उड्डाणपुलाची सळई यांच्यापासून दूर उभे राहूनच वाचावे. मोबाइलमधल्या होकायंत्रालाही हेच लागू.

ठाण्याच्या मुलांना निसर्गाने दोन पक्क्या खुणा दिल्या आहेत. येऊरचे डोंगर पश्चिमेच्या अंगाला आणि खाडीपलीकडची पारसिकची डोंगररांग पूर्वेच्या अंगाला. शहर या दोहोंच्या मधे वसले आहे. तुमच्या गच्चीवरून दोन्ही दिसत असतील तर मुलाला होकायंत्राने त्यांची दिशा एकदा नोंदवू द्या. घोडबंदर रोडवरून येऊर जिथे दिसेल तिथे नौपाड्यातून दिसणार नाही, प्रत्येक घराची नोंद वेगळी येईल. मग बाहेर कुठेही गोंधळ झाला की आधी डोंगर शोधायचा, ही सवय लागते.

पायरी ४: अंतर आणि प्रमाण

प्रमाण शिकवायला अपूर्णांक लागत नाहीत, पावले लागतात. मोकळ्या रस्त्यावर टेपने ३० मीटर मोजून खडूने दोन रेघा मारा. मुलाने नेहमीच्या चालीने तीनदा चालावे, पावले मोजावीत आणि मधला आकडा धरावा. माझ्या भाचीची आठव्या वर्षी ५४ पावले भरली, म्हणजे १०० मीटरला १८०. तो आकडा तिने पॅडच्या मागे लिहून ठेवला आणि महिनाभर दिसेल ते मोजत सुटली: घर ते वाण्याचे दुकान, दुकान ते बसस्टॉप. वर्षभराने पुन्हा मोजा, पाय लांब झालेले असतात.

आता छापील नकाशावरची प्रमाणरेषा दाखवा, म्हणजे कागदावरचे किती अंतर जमिनीवर किती होते ते सांगणारी रेघ. वळणाचा रस्ता मोजायचा तर दोरा रस्त्यावर वळणा-वळणाने बसवा, मग सरळ करून प्रमाणरेषेवर धरा. दोऱ्याने आलेले अंतर आणि पावलांनी आलेले अंतर यांची तुलना करायला लावा. शंभरात पाच-दहा मीटरचा फरक राहिला तर उत्तम काम झाले म्हणायचे.

लोकलच्या डब्यात दारावर स्टेशनांची जी पट्टी असते, तिच्याकडे मुलांचे लक्ष जरूर वेधा. तिच्यात सगळी स्टेशने सारख्या अंतरावर, एका सरळ रेषेत बसवलेली असतात. प्रत्यक्षात मशीद आणि सँडहर्स्ट रोड जवळजवळ एकमेकांना लागून आहेत आणि कळवा ते मुंब्रा तीन-चार किलोमीटर आहे. पट्टीवर प्रमाण नाही, दिशाही नाही. ती फक्त क्रम सांगते, आणि प्रवाशाला तेवढेच हवे असते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटर आली. ते ३४ किलोमीटर खऱ्या नकाशावर दोऱ्याने मोजायला लावा. शाळेतला इतिहासाचा धडा त्या दोऱ्यात ओवला जातो.

पायरी ५: चिन्हे आणि सूची

हे मुलांना आपोआप जमते. आधी त्यांची स्वतःची चिन्हे काढू द्या: पाणीपुरीच्या गाडीला गोल, देवळाला झेंडा, कुत्री भुंकतात तिथे दात. कोपऱ्यात सूची लिहायला लावा. मग तो कागद दुसऱ्या मुलाला द्या. सूची नसेल तर दुसरा अडतो, आणि सूची कशासाठी असते हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यानंतर नेहमीचे रंग: निळे पाणी, हिरवे जंगल, पिवळी शेतजमीन, तपकिरी डोंगररेषा.

पायरी ६: तलावपाळीची फेरी

पहिली खरी मोहीम मी नेहमी मासुंदा तलावाभोवतीच काढते. त्यामागे कारण आहे. तलावाच्या काठाने चालताना मूल हरवू शकत नाही. पाणी डाव्या हाताला ठेवून चालत राहिले की ते निघाल्या जागी परत येते. नवशिक्याला असा आधार हवा असतो, जिन्याला कठडा असतो तसा.

ओपनस्ट्रीटमॅपवरून तलावाच्या आसपासचा भाग मोठा करून छापून घ्या, एका कागदावर मावेल एवढाच. रविवारी सकाळी सातच्या सुमारास जा, वाहने कमी असतात. पाच-सहा मुलांमागे एक मोठे माणूस हवे आणि रस्ता ओलांडताना नकाशा खाली, डोळे रस्त्यावर, हा नियम मोडायचा नाही.

सुरुवातीला गडकरी रंगायतनपाशी थांबा आणि तीन गोष्टी करून घ्या. पहिली, नकाशा पॅडवर आडवा धरून फिरवणे. कागदावरचा तलाव समोरच्या तलावाच्या बाजूला आला पाहिजे आणि कागदाची उत्तर होकायंत्राच्या उत्तरेशी जुळली पाहिजे. दुसरी, 'मी इथे आहे' म्हणून त्या जागी डाव्या हाताचा अंगठा ठेवणे. तिसरी, चालताना तो अंगठा आपल्याबरोबर पुढे सरकवत नेणे. अंगठा उचलला की जागा हरवते.

खरी अडचण परतीच्या वाटेवर येते. शेजारचा आठ वर्षांचा मुलगा जाताना बिनचूक गेला. परतताना जांभळी नाक्याच्या फुलबाजारापाशी तो थबकला. कागद छातीशी उभा धरलेला, अक्षरे सुलट, उत्तर वर. तो मात्र दक्षिणेकडे तोंड करून उभा होता. कागदावर वळण उजवीकडे दिसत होते, म्हणून त्याने उजवा हात वर केला आणि झेंडूच्या टोपल्यांकडे निघाला. मी काही बोलले नाही. दहा पावलांवर तो थांबला, म्हणाला, "इथे तलाव दिसायला पाहिजे होता." मी एवढेच म्हटले, "कागद आडवा कर आणि तलाव तलावाकडे फिरव." त्याने पॅड गर्रकन फिरवले, अक्षरे उलटी झाली, आणि तो स्वतःशीच "हां" म्हणून डावीकडे वळला.

अक्षरे उलटी वाचायला लागली तरी चालेल, नकाशा जमिनीप्रमाणेच फिरला पाहिजे. बहुतेक मोठ्या माणसांनाही हे कुणी सांगितलेले नसते आणि ती मान वाकडी करून नकाशा वाचत बसतात.

वाटेत उत्तरे न देता प्रश्न विचारत राहा. कौपिनेश्वराचे मंदिर तलावाच्या कुठल्या काठावर आहे? तलावातले छोटे मंदिर आता तुझ्या कुठल्या दिशेला आहे, आणि मघाशी कुठल्या दिशेला होते? नकाशावर आहे पण इथे दिसत नाही असे काही आहे का? इथे आहे पण नकाशावर नाही असे? शेवटच्या प्रश्नावर मुले सुटतात: चहाची टपरी, पिंपळाचा पार, बंद पडलेला नळ. नकाशा काढणारा काय घ्यायचे आणि काय गाळायचे ते ठरवतो, ही मोठी गोष्ट त्यांच्या हाती लागते.

पायरी ७: चौकटी

कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारून आडव्या बाजूला अ, आ, इ आणि उभ्या बाजूला १, २, ३ लिहा. "इ-३ मध्ये काय आहे?" हा खेळ अर्ध्या तासात येतो. मोठ्या मुलांना त्यावरूनच अक्षांश-रेखांशाकडे नेता येते.

पायरी ८: दिवाळीच्या किल्ल्यावर समोच्च रेषा

तांब्याची उंची वरून कळत नव्हती, तो प्रश्न आता घ्या. नऊ-दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी ही पायरी आहे, आणि तिचे उत्तम साधन आपल्या सोसायट्यांत दर दिवाळीत तयार होते: मातीचा किल्ला.

किल्ला रचून झाला, पण अळीव पेरायचे आणि मावळे मांडायचे बाकी आहेत, अशा वेळी गाठा. माती ओलसर हवी. एकसारख्या जाडीच्या लाकडी ठोकळ्यावर किंवा पुस्तकांवर पेन्सिल आडवी ठेवून टोक जमिनीपासून ५ सेंटीमीटरवर येईल असे करा. मग ठोकळा जमिनीवरून सरकवत किल्ल्याभोवती पूर्ण फेरी मारा, टोक मातीत ओरखडा उमटवत जाते. ठोकळा वाढवून १० सेंटीमीटरवर दुसरी फेरी, १५ वर तिसरी, माथ्यापर्यंत. ओरखड्यांत रांगोळी भरा म्हणजे रेषा ठळक दिसतात. आता मुलाला खुर्चीवर उभे करून बरोबर वरून पाहायला लावा आणि दिसेल ते काढून घ्या. एकात एक वेडीवाकडी कडी. याच समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा.

मुलांना स्वतःला सापडू द्यावे ते असे: जिथे कडा तुटलेला आहे तिथे रेषा एकमेकींना चिकटल्या आहेत, आणि जिथून दरवाजाची चढण ठेवली आहे तिथे त्या दूर दूर आहेत. एका रेषेवर चालत राहिले तर चढही नाही आणि उतारही नाही. माचीचा सपाट भाग म्हणजे दोन रेषांमधली रुंद मोकळी जागा.

हे झाले की खरा नकाशा दाखवा. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून नकाशे काढतो आहे. त्याचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे विभागाच्या संकेतस्थळावरून घेता येतात. त्यांत २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये साधारणपणे २० मीटर उंचीचा फरक. मुलांना ठाण्याच्या नकाशात येऊर शोधायला लावा, मग उपवन तलावाच्या काठावर नेऊन समोरचा डोंगर आणि हातातल्या रेषा जुळवायला लावा. चढण सोपी कुठून दिसते, हे आधी कागदावरून सांगायचे आणि मग मान वर करून पाहायचे. एवढे उपवनच्या काठावरूनच होते. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबटे आहेत. मुलांना घेऊन वाट सोडून रानात शिरू नये.

नकाशाचे वय

घरात जुना भिंतीवरचा नकाशा असेल तर फेकू नका. त्यात डहाणू, जव्हार, वसई ठाणे जिल्ह्यात दिसतील. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाण्याकडे ठाणे, कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड, उल्हासनगर आणि अंबरनाथ हे सात तालुके राहिले. जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवून फरक शोधायला लावा. नकाशा हातात आला की कोपऱ्यातले साल आधी बघायचे, हे मुलांच्या अंगवळणी पडते.

मोबाइल शेवटी

मोबाइलमधला नकाशा मी दहा वर्षांपर्यंत देत नाही. निळा ठिपका 'मी कुठे आहे' याचे उत्तर आयते देतो, आणि मुलाने शोधायचे असते ते नेमके हेच. देताना आवाज बंद करा आणि आपोआप फिरणारा नकाशा थांबवून उत्तर वर ठेवा. आधी मुलाने बोटाने दाखवावे, "आपण इथे आहोत," आणि मग ठिपका पाहावा.

परीक्षा

घरी कुणी पाहुणे पहिल्यांदा येणार असतील तर मुलाला त्यांच्यासाठी नकाशा काढू द्या आणि फोटो काढून पाठवा. भाचीने तिच्या मावशीसाठी काढला होता. मावशी कोपरीहून येणार, स्टेशनचा पूल ओलांडून पुढे चालत. उत्तरेचा बाण, पावलांवरून काढलेली अंतरे, सूची, सगळे होते. मावशी शेवटच्या वळणापर्यंत बरोबर आली आणि तिथून तिचा फोन आला: "अगं, देऊळ डाव्या हाताला लिहिलंयस, इथे तर उजव्या हाताला आहे." भाचीने खिडकीतून खाली पाहिले, कागद फिरवून पाहिला, आणि पेन्सिल-खोडरबर घेऊन मावशीला आणायला जिना उतरली. देवळापाशीच मावशीच्या पर्सवर कागद ठेवून तिने ते खोडले आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला काढले.